अर्धी राहिलेली पिशवी

उत्तर ऑस्ट्रेलियात, आर्नहेम लँडमधल्या आमच्या दवाखान्यात नोरीन आणि तिची आत्या माझ्या शेजारी नंबर लावून बसल्या होत्या.

"आत्या, आई गेली आणि तिची केवड्याच्या पात्यांची पिशवी अर्धीच राहिली. प्रदर्शनवाल्यांना ती पुरी करून हवीय."

"ती गेल्यावर घराला शुद्धीची धुरी दिलीत ना?"

"दिली."

"मग पिशवीला हात लावायला हरकत नाही."

"माझी वीण ढिली पडते गं. आई कुठे थांबली ते लगेच दिसेल."

"दिसू दे की! तिला झाकायचंय का तुला?"

"आणि पात्यांना पिवळा रंग द्यायची मुळं? ती कुठून आणायची, तेही मला ठाऊक नाही."

"खाडीपलीकडून. दाखवते चल."

"आत्ता? तुझे गुडघे दाखवायचेत ना?"

"गुडघे उद्याही दुखतील. ऊठ, भरती यायच्या आत पलीकडे जाऊ."