उपाशी नायिकेचा ऐतिहासिक पुरावा

मी, खाली सही करणारी, वय ७८ वर्षे, धंदा – पूर्वी महाविद्यालयात तर्कशास्त्राचे अध्यापन, सध्या एका चित्रपटाची सल्लागार, राहणार थोरल्या बहिणीच्या घरी, तिसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी थोरली बहीण (यापुढे ‘ताई’), वय ८६, अशा दोघीच राहतो. ताई तरुणपणी चित्रपटांत नायिकेची कामे करीत असे. तिचा एक कृष्णधवल चित्रपट फार गाजला. तो कसा तयार झाला, या विषयावर सध्या नवा चित्रपट निघत आहे. जुन्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांना स्टुडिओत ‘मालक’ म्हणत. ते हयात नाहीत. नव्या चित्रपटाचे दिग्दर्शक, म्हणजे या प्रकरणातील फिर्यादी, मालकांची भूमिका स्वतःच करीत आहेत. तरुणपणीच्या ताईची भूमिका करणाऱ्या नटीला सेटवर ‘छोट्या बाई’ आणि ताईला ‘मोठ्या बाई’ म्हणतात. मला काही म्हणत नाहीत. मी आले की बोलणे थांबते.

पटकथेतील ऐतिहासिक अचूकता तपासणे हे माझे काम. संवाद चालू असताना डोक्यावर पंखा फिरताना दाखविला होता. पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात येई, म्हणून त्या काळी टेकच्या वेळी पंखे बंद ठेवीत, हे मी निदर्शनास आणले व फिर्यादींनी पंखा बंद केला. त्यांचा अचूकतेस विरोध आहे असे माझे म्हणणे नाही. उलट, अतिरेक आहे.

जुन्या चित्रपटात नायिकेच्या रडण्याचा एक प्रसंग आहे. खरे अश्रू यावेत म्हणून मालकांनी ताईला दोन दिवस उपाशी ठेवले, असे छापील आधार तीन ठिकाणी मिळाले व ते आपसांत जुळले. त्यावरून मी तो प्रसंग संमत केला.

आज दुपारी ताईला चित्रीकरण पाहण्यास बोलाविले होते. सकाळीच आमच्या घरी बोलावण्यास आलेल्या फिर्यादींनी आपल्या ड्रायव्हरला आमच्यादेखत बजावले होते की, मोठ्या बाई म्हणतील ते करायचे. आम्ही पोहोचलो तेव्हा छोट्या बाई भिंतीला डोके टेकून स्टुलावर बसल्या होत्या.

ताई म्हणाली, “चेहरा काय उतरवलाय गं! मेकअप झकास जमलाय.”

त्या म्हणाल्या, “मेकअप अजून व्हायचाय, मोठ्या बाई.”

चौकशीअंती कळले की फिर्यादींच्या हुकुमाने त्यांना काल सकाळपासून पाण्याखेरीज काही दिलेले नव्हते. मी फिर्यादींना जाब विचारला.

“मॅडम, प्रसंग अचूक आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?” ते म्हणाले. “मला खोटं रडणं नकोय.”

मी सांगितले की, घटना घडली असणे आणि ती पुन्हा घडविणे या भिन्न गोष्टी आहेत. पटकथेत मालकांच्या मृत्यूचाही प्रसंग आहे, तोही आपण असाच पार पाडणार काय, असे मी विचारले. प्रकाशयोजनेचे लोक हसले. फिर्यादी हसले नाहीत.

यानंतर ताईने मला देखाव्याच्या पडद्यामागे ओढून नेले.

“अगं, मी कुठली उपाशी राहतेय! जेवणाची घंटा झाली की अर्धा शॉट टाकून सगळे उठायचे. मालक सगळ्यांत पुढे. त्या दिवशी तर मी दोनदा वाढून घेतलं. डोळ्यांत ग्लिसरीन होतं.”

“मग पुस्तकांत आलं कुठून?”

“एक जण मुलाखतीला आला होता. भर उन्हात, घामाघूम होऊन. त्या बिचाऱ्याला काय, ग्लिसरीन सांगू?”

मी तिला ही हकीकत फिर्यादींना सांगण्यास भाग पाडले. तिने ती जशीच्या तशी सांगितली. फिर्यादी तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले, “मोठ्या बाई, आता वय झालं. आठवण दगा देते. आज दुपारचं तुमचं काही धरायचं नाही, बरं का!” पूर्वीचे कथन ग्राह्य आणि आताचे अग्राह्य, यास आधार काय, असे मी विचारले. ‘उपाशी अश्रूंची सत्यकथा’ अशी पोस्टरे छापून झाली आहेत, हा आधार त्यांनी दिला.

ताईने छोट्या बाईंचा हात धरला. “चल गं, जेवायला.”

“मला काढून टाकतील हो!”

“टाकू देत. माझं काम मी करीन. वयाचं ते बघून घेतील.”

बाहेर फिर्यादींची गाडी उभी होती. ड्रायव्हरने विचारले, “साहेबांना सांगितलंय ना?” ताई म्हणाली, “साहेबांनी तुला काय सांगितलंय ते आठव.” तो गाडी चालवू लागला. कोणीही कोणास ओढले, धमकावले वा फसविले नाही. छोट्या बाई आमच्या घरी आल्या, सूप, चार अंडी व बराच पाव खाऊन माझ्या पलंगावर झोपल्या. संध्याकाळी पोलीस आले तेव्हा त्यांना उठवावे लागले.

नटीस पळवून नेले, अशी फिर्याद आहे. आपण राजीखुशीने गेलो, असे छोट्या बाईंनी अंमलदारांना सांगितले आहे. मात्र फिर्यादींनी ठाण्यातच त्यांना सुनावले, “उद्यापासून पुन्हा पाण्यावर. जमत नसेल तर दुसरी बघतो.” हे छोट्या बाईंचे पहिलेच मोठे काम आहे. त्या रडू लागल्या. फिर्यादी त्यांच्या रडण्याकडे निरखून पाहत होते, हे मी पाहिले.

तेव्हा ताईने खुर्ची पुढे ओढली.

“आता सांगूनच टाकते. इतकी वर्षं मालकांच्या शब्दाखातर गप्प होते. उपाशी मी नव्हते हो. उपाशी मालक होते.”

फिर्यादी म्हणाले, “काय सांगता!”

“माझा शॉट मनासारखा उतरेपर्यंत अन्नाला शिवायचे नाहीत. हातपाय लटपटायचे, कॅमेऱ्याला धरून उभे राहायचे. ते बघून मला रडू कोसळायचं. मला मात्र समोर बसवून जेवू घालायचे. नायिकेचे गाल बसता कामा नयेत म्हणायचे.”

“हे कुठंच छापलेलं नाही!”

“म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तुम्हीच मालक होताय ना?”

फिर्यादींचे डोळे भरून आले. पोस्टरही बदलावे लागणार नाही, असे ते दोनदा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, सल्लागार या नात्याने हे अचूक समजावे काय, असे त्यांनी विचारले.

मी उत्तर दिले की, मी तेव्हा शाळेत होते व स्टुडिओत गेले नव्हते. प्रत्यक्ष पाहणारी एकच व्यक्ती हयात आहे. तिचे दुपारचे कथन याच्या विरुद्ध जाते; परंतु ते कथन आपण स्वतःच अग्राह्य ठरविले आहे. सबब आपल्याच कसोटीने पाहता, आताच्या कथनास हरकत घेण्यास मला जागा दिसत नाही.

फिर्यादींनी फिर्याद मागे घेतली. छोट्या बाईंनी वेळच्या वेळी पोटभर जेवावे, अशी त्यांना माझ्यासमोर ताकीद दिली. अंमलदारांनी चहा व बिस्किटे पुढे केली असता फिर्यादींनी ती नाकारली व उभ्याउभ्याच निघून गेले.

ते गेल्यावर अंमलदारांनी मला विचारले, “बाई, मग खरं काय?” मी सांगितले की, ठाण्यापुढील प्रश्न पळवून नेण्याचा आहे आणि त्याचे उत्तर मी दिले आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखविण्यात आला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, दुरुस्ती एकच. फिर्यादींनी चहा नाकारला, एवढेच लिहिले आहे. त्यांनी कप उचलला, डोळे मिटून वास घेतला आणि मग नाकारला. अचूकतेसाठी तशी नोंद व्हावी.