तराजूसमोरची बाई

— नाही, नाही, थांबा, रीतसरच सांगतो, म्हणजे तुम्हाला राग यायचा नाही. विषय : पत्नीचे छायाचित्र काचेच्या कपाटासमोर काढणेबाबत. संदर्भ : आपण आत्ता माझ्या डोळ्यांदेखत काढलेले सर्व फोटो. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, त्या सर्व फोटोंत वहिनींच्या कपाळावर एक पांढरा गोळा आलेला असून तो आपल्या फ्लॅशचा आहे. — हसा, हसा. सवय आहे हो, जात नाही. जन्मभर ह्याच संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर आवक-जावक सांभाळली, आता निवृत्त झालो तरी तोंड उघडलं की मसुदाच बाहेर पडतो. आमची ही म्हणते, तुम्ही झोपेत घोरत नाही, टिपणी सादर करता.

तर आधी तो फ्लॅश बंद करा. तशी पाटीही आहे दारावर, मीच टाईप केलेली, कुणी वाचत नाही. आता मोबाईल काचेच्या अगदी जवळ न्या — आणखी जवळ, काच काही चावत नाही — लांबून काढलात की कपाटातला तराजू राहतो बाजूला आणि काचेत तुमचंच पोट दिसतं. जरा तिरके व्हा. हां. आणि तो पांढरा शर्ट — आता काय इलाज, पुढच्या वेळी काळा घालून या. पांढऱ्याच्या बाबतीत काच फार चहाडखोर, समोर कोण उभं होतं ते लगेच सांगून टाकते. वहिनी, तुम्ही कपाटाला पाठ लावू नका, हा काही ओळखपत्राचा फोटो नाही. इकडे या, खिडकीच्या अंगाला, उजेड एकाच गालावर पडू दे. आणि ह्यांच्याकडे बघूच नका, घरी बघताच की. तराजूकडे बघा. त्या पारड्याच्या साखळीकडे. — आणि साहेब, तुम्ही ‘हस, हस’ करू नका, हुकमानं कुणी हसत नाही. गप्प राहायचं. त्या तराजूत रमल्या, तुम्हाला विसरल्या, की मग हळूच नावानं हाक मारायची. नाव ऐकून माणूस वळतो ना, तो चेहरा त्याचा स्वतःचा असतो, बाकीचे सगळे लोकांना दाखवायचे. मारा हाक. — हां! आला की नाही? वहिनी, बघा, ह्या तुम्हीच. आता पुन्हा म्हणू नका, माझे फोटो चांगले येत नाहीत म्हणून. जा, पलीकडच्या दालनात जुने आरसे आहेत ते बघून या, ह्यांना मी लगेच सोडतो.

मी कुठे शिकलो? मित्राकडून. इथला छायाचित्रकार होता, नोकरीतला. वस्तू आली की तिचा फोटो काढायचा, आणि माझ्या टेबलाशी येऊन चहा ढोसायचा. माझ्या डब्यातलं खायचा — आपला डबा उघडायच्या आधी माझा उघडायचा, आणि म्हणायचा, वहिनींच्या हाताला चव आहे. मला बरं वाटायचं. वाटणारच की, कौतुक कुणाला नको? फोटोतलं मला जे काही येतं ते त्याचंच, उसनं. तिरकं उभं राहा, खिडकीचा उजेड घे, नावानं हाक मार — सगळं त्याचं. आणि एक सांगू? एकदा चहा पिता पिता म्हणाला, आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो काढून झाला रे माझा, पण दाखवता येणार नाही. मी म्हटलं, दाखव की लेका, आपल्यात कसली लपवालपवी! तर हसला. मीही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो.

म्हणजे — मला सांगायचं होतं ते वेगळंच. इकडे या. हा भिंतीवरचा मोठा फोटो बघा. हाच तराजू, हीच खिडकी. आणि ही बाई. ही माझी बायको. हो, हो, माझीच. सुंदर आहे? आता वयानं थोडी — पण आहे. मी काढलेला फोटो. — नाव? हो, खाली नाव त्याचं आहे, मला वाचता येतं. तीच तर चूक झालीय. ती दुरुस्त व्हावी म्हणूनच अर्ज केलाय मी, रीतसर, पोच घेऊन. आणि वरची ओळ वाचलीत? ‘तराजू आणि अनोळखी स्त्री.’ अनोळखी! माझ्या डब्यातलं जेवण जिच्या हातचं, ती अनोळखी!

फोटोतल्या कपाटाच्या काचेत कोण दिसतंय म्हणता? मीच. फोटो काढणारा दिसणारच थोडाफार. — उंच? काच माणसाला उंच करते. — आता तुम्ही फार बारकाईनं बघायला लागलात. पांढरा शर्ट, हो, पांढराच आहे. मी काळा घाला म्हणतो ते खरं, पण त्याला पांढऱ्याशिवाय कधी — म्हणजे त्या दिवशी मीच — हे बघा, ते सोडा. चेहरा बघा तिचा. ही अशी वळलीय बघा, मान अर्धीच फिरलीय, आणि हसू ओठांवर यायचंय अजून, डोळ्यांत आलंय. नावानं हाक मारल्याशिवाय असं वळत नाही माणूस. आणि मी तिला नावानं कधी — आमच्यात ‘अगं’ म्हणायची पद्धत. अगं, ऐकलंस का, एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, ‘अगं’वर भागलं. ‘अगं’ म्हटलं की ती वळते, पण वळते ती गॅस बंद करून, काय हवंय म्हणून. अशी नाही वळत.

बसा जरा. वहिनींना आरसे सापडलेत म्हणजे वेळ आहे. — हा उजेड बघा, आत्ता पडलाय तो. ह्या खिडकीतून तो फक्त दुपारी येतो. आणि दुपारी मी कुठे? वर. हे छत दिसतंय ना, त्याच्या बरोबर वर माझं टेबल. मी वर शिक्के मारत बसलेलो आणि खाली हे. कितीदा म्हटलं होतं तिला, ये एकदा, सगळं दाखवतो, कुठल्या वस्तूमागे काय भानगड आहे ते मला तोंडपाठ आहे. तर म्हणायची, नको बाई, काचेतल्या वस्तू बघून माझं डोकं दुखतं. मी विश्वास ठेवला. दुखतं काहींचं. डोकेदुखीच्या गोळ्याही आणून ठेवल्या होत्या मी घरात.

कळलं कसं? प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बोलावलं होतं, जुना कर्मचारी म्हणून. त्यानं आपले खासगी फोटो संग्रहालयाला देऊन टाकले होते — आता तो लेकीकडे राहतो, लांब. त्याला वाटलं असेल, हा निवृत्त झाला, घरी पेपर वाचत बसेल, इकडे कशाला फिरकतोय. मी हातात चहाचा कप घेऊन उभा, आणि समोर ही. भिंतीएवढी. संचालकबाई शेजारी होत्या, म्हणाल्या, किती बोलका चेहरा आहे हो, कोण असेल? आणि मी म्हटलं — असेल कुणीतरी. तोंडातून गेलंच ते. मग चहा संपवला. कप नेऊन ठेवला. काय करणार होतो?

तिला विचारलं का म्हणता? तुम्ही अजून नवे आहात संसारात, म्हणून हे सुचतं. विचारून काय होणार? ती नाही म्हणाली तर खोटं, हो म्हणाली तर खरं, आणि दोन्हींत मला त्याच टेबलावर तिच्यासमोर जेवायला बसायचंय. तसलं काही नसेलही. फोटोच काढला असेल नुसता. पण मग मला का नाही सांगितलं? तुमचा मित्र भेटला होता, तराजू दाखवला त्यानं — एवढं वाक्य, ते का नाही आलं घरी? तसलं काही असतं ना, तर एक वेळ मी भांडलो असतो. हिच्या ह्या हसण्याशी कसं भांडायचं, ते मला येत नाही.

म्हणून अर्ज. मागणी अगदी साधी आहे. खालचं नाव काढा, माझं घाला. आणि ‘अनोळखी स्त्री’ खोडून लिहा, ‘छायाचित्रकाराची पत्नी’. बस. — खोटं? असेल. हरकत घ्यायला तो येत नाही, एवढं मी ओळखतो त्याला. अहो, घर नाही मागत, जमीन नाही मागत, एक दुपार माझ्या नावावर करा म्हणतोय. ह्या वयात दुसरी दुपार कुठून आणू? तिला घेऊन आलो, ह्याच खिडकीशी उभं केलं, नावानं हाक मारली, तर ती म्हणेल, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

आल्या बघा तुमच्या वहिनी — म्हणजे तुमच्या त्या. उठा आता. नाही, आता माझा फोटो नको, मला काचेपुढे उभं राहायचं नाही. आणि तो हाक मारून काढलेला फोटो तेवढा ठेवा, बाकीचे पुसून टाका. निघा, निघा, दार बंद व्हायची वेळ झाली. — अर्जाचं? अर्जाचं काय, तो मंजूर नाही, नामंजूरही नाही. वरच्या मजल्यावरून त्रुटी निघाली आहे : छायाचित्रातील व्यक्तीचे स्वाक्षरीनिशी संमतिपत्र जोडलेले नाही. अर्जदाराने अद्याप त्रुटीची पूर्तता केलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.