साहेबांचं बीपी आणि आमचं निवेदन

नाही, नाही, हार नको! आधीचे तीन अजून स्कूटरच्या डिकीत वाळतायत. आणि अभिनंदन कसलं करताय माझं? काय केलं काय मी? थांबा, सांगतो, सगळं सांगतो, बसा जरा… मी डॉक्टर मच्छिंद्र पायगुडे, साधा एमबीबीएस, खडकवासल्याच्या रस्त्याला एका गावात सव्वीस वर्षं दवाखाना चालवतो, ताप, खोकला, पोटात दुखतंय, यापलीकडे माझी झेप नाही, आणि मी पुण्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेचा अध्यक्ष! निवडणूक नाही, प्रचार नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. तुम्हाला सांगतो, मी फक्त एकदा 'बरं' म्हणालो.

त्याचं असं झालं. आमचं गाव शहरात घेतलं. पाटी आली, कर आला, कचऱ्याची गाडी आली, गाडीच्या मागून कुत्री आली. पण कुत्रं चावल्यावर जी लस द्यायची ती गावातल्या सरकारी दवाखान्यात काही आली नाही! चावलं की जा शहरात, दोन बस बदलून, लायनीत उभे राहा. आणि एकदा नाही हो, पाचदा, कारण सुया पाच! आमचा गेनबा दोन सुया घेऊन शेतात निघून गेला, म्हणे, "आता बरं वाटतंय." अरे, बरं काय वाटतंय? हा रोग एकदा झाला की माणूस गेलाच, कुठल्याच डॉक्टरकडे त्याला औषध नाही! त्याला बांधावरून ओढून आणला आणि पदरची सुई टोचली. तशी चार जणांना टोचली. पण कुत्री शेकड्यांनी आणि मी एकटा, किती पुरणार?

आणि माझ्या दवाखान्याच्या पायरीशी भाजी घेऊन बसते ती तुळजाबाई. रोज सकाळी कुलूप उघडायच्या आत माझी हजेरी घेते. "काय ओ डाक्तर, एवडं ढीगभर डाक्तर हायेत पुन्यात, समद्यांनी मिळून एक सुई आणाय येत न्हाय व्हय?" खरंच की, का येऊ नये? म्हणून म्हटलं, चला, संघटनेच्या वार्षिक सभेत विषय मांडू. अकरा वर्षांत पहिल्यांदा गेलो मी सभेला. तिथेच चुकलं.

आमच्या संघटनेचे अध्यक्ष डॉक्टर रिसबूड. सदाशिव पेठ. पोटाचे तज्ज्ञ. अकरा वर्षं तेच. दर वर्षी सभेच्या शेवटी उठतात, उपरणं सारखं करतात आणि म्हणतात, "आता वय झालं, या जबाबदारीतून मला मुक्त करावं." मग सभेनं म्हणायचं असतं, "छे छे, सर, आपणच हवे!" ते पुन्हा म्हणतात, सभा पुन्हा म्हणते, तिसऱ्यांदा ते सुस्कारा टाकतात आणि मग बटाटेवडा येतो. ही रीत! सगळ्यांना पाठ! मला कुणी सांगायचं? मी आपला पहिल्या रांगेत, हातात कुत्र्यांचा कागद. रिसबूड म्हणाले, "मला मुक्त करावं," आणि म्हातारा माणूस, थकलेला दिसला हो खरंच, मी मनापासून म्हणालो, "बरं."

वड्यांचं ताट घेऊन येणारा माणूस दारातच थांबला. रिसबूडांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आपलं नाव?" म्हटलं, "पायगुडे." म्हणाले, "पायगुडे, आपल्याला एवढी घाई आहे तर आपणच व्हा." आणि झालो की मी! कुणी विरोध केला नाही, कारण वडे गार होत होते.

बरं, झालो तर झालो, म्हटलं आता कुत्र्यांचं काम होईल. तुळजाबाईनं त्या दिवशी मला फुकट कोथिंबीर दिली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पण लेटरहेडच्या कपाटाची किल्ली रिसबूडांकडे! मागायला गेलो तर दारातूनच, "आपण अध्यक्ष. आम्ही आपले माजी. किल्लीचं ओझं कशाला आपल्याला?" मी एका ओळीचं निवेदन लिहिलं होतं, 'आमच्या गावच्या दवाखान्यात कुत्र्याची लस ठेवा.' संपलं! रिसबूडांनी लाल पेन काढलं. कुत्र्याचं 'श्वान' केलं, चावण्याचं 'दंश' केलं, आणि एका ओळीची चौदा पानं केली. त्यात संघटनेचा इतिहास तीन पानं, माजी अध्यक्षांचा परिचय दोन पानं, लस बाराव्या पानावर! मला विचारतो कोण? मी फक्त अध्यक्ष!

तुळजाबाईला वाचून दाखवलं. तिनं मेथीची जुडी सोडून ऐकलं. म्हणाली, "श्वान म्हटल्यावर कमी चावतं का?"

आणि गंमत बघा, गंमत कसली, वाईटच… आरोग्यमंत्रीसाहेबांची भेट ठरली शनिवारी, आणि त्याच आठवड्यात मंगळवारी पहाटे भाजी आणायला निघालेल्या तुळजाबाईलाच कुत्रं चावलं. पोटरीला, चांगले चार दात! मी पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यानं जखम धुतली. म्हटलं, "सुई मी देतो." तर बाई म्हणते, "तुमची नगं. सरकारची फुकट हाय ना? मग ती हितं का न्हाय, ते इचारा आधी." गेली बसनं. मंगळवारी गेली, शुक्रवारी गेली, दोन दिवस धंदा बुडाला. तिसरी सुई पुढच्या मंगळवारी.

आता शनिवार. सर्किट हाउस. साहेबांनी बारा मिनिटं दिलेली. शिष्टमंडळात आम्ही चार. मी, रिसबूड, हृदयाच्या डॉक्टर मंदाकिनीताई आणि कॅम्पातले किडनीवाले डॉक्टर मैनुद्दीन. मी आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं सगळ्यांना, "फक्त कुत्रा! दुसरा विषय नाही!" तिघेही म्हणाले, "अर्थात." तिघंही! साक्षीदार ठेवायला हवे होते.

साहेब आले. भला माणूस दिसला, पण चेहरा सुजलेला, मानेवरून रुमाल फिरवतायत. बसले आणि म्हणाले, "डॉक्टर लोक आलात, बरं झालं. सकाळपासून डोकं जरा जड वाटतंय बघा."

संपलं! तुम्हाला सांगतो, तिथेच संपलं! मंदाकिनीताईंचा हात पर्समध्ये गेला आणि बाहेर काय आलं? बीपीचं यंत्र! भेटीला येताना यंत्र कशाला आणलंत हो? तर म्हणे, "असतंच ते माझ्याकडे." साहेबांची बाही वर, पट्टा गच्च, फूस फूस फूस… "एकशे सत्तर, एकशे चार!" मैनुद्दीनभाई खाली वाकले. एरवी इतका मितभाषी माणूस! "साहब, जरा मोजे काढा. सूज बघू द्या." आणि मंत्री मोजे काढतायत! मी म्हटलं, "साहेब, श्वानदंशाचा प्रश्न…" साहेब दचकले. "नाही हो, मला कुत्रं-बित्रं काही चावलेलं नाही!" मंदाकिनीताई माझ्यावरच खेकसल्या, "पायगुडे, पेशंटला घाबरवू नका, बीपी चढतंय!"

मला विचारतो कोण? मी फक्त अध्यक्ष!

"गोळी कुठली घेता?" साहेबांनी नाव सांगितलं. ताई म्हणाल्या, "ही कुणी दिली?" साहेब म्हणाले, "मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी." त्यावर रिसबूड म्हणाले, "मुंबईच्या का? मग बरोबर." आणि स्वतः पुढे सरकले, "जीभ दाखवा." मग सुरू झालं भांडण. ताई म्हणतात गोळी बदला, मैनुद्दीनभाई म्हणतात बदला पण ही नको, आधी किडनी बघा, रिसबूड म्हणतात दोघंही थांबा, मूळ सगळं पोटात आहे. साहेब बिचारे जीभ बाहेर काढून एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे. दारात साहेबांचे पीए, "दहा मिनिटं झाली…" आणि मी? मी काय करत होतो? सांगतो, लाज वाटते पण सांगतो. साहेबांचा उरलेला हात मोकळा होता, आणि माझी दोन बोटं त्यांच्या नाडीवर होती! कधी गेली मलाच कळलं नाही. सव्वीस वर्षांची सवय हो!

शेवटी तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. आमच्या संघटनेत तीन तज्ज्ञांचं एकमत, लक्षात ठेवा, हे कधी घडलेलं नाही. "साहेब, ताण कमी करा. सहा महिने कामाचा भार हलका करा. नाहीतर अवघड आहे." साहेब गंभीर झाले. म्हणाले, "लिहून द्या." कागद? कुणाकडेच नाही. माझ्या हातातलं निवेदन ताईंनी ओढलं, उलटं केलं, चौदाव्या पानाच्या मागे गोळ्या लिहिल्या, खाली 'विश्रांती' लिहून दोनदा अधोरेखित केलं. साहेबांनी ते निवेदन इतक्या जपून घडी घालून खिशात ठेवलं… बाहेर आल्यावर रिसबूड म्हणाले, "पाहिलंत? मंत्र्यानं निवेदन छातीशी धरलं. अकरा वर्षांत नाही झालं."

मी घरी नाही गेलो, थेट पायरीवर गेलो. तुळजाबाई वाट बघत होती. "काय म्हनले सायेब?" काय सांगू? बीपी जास्त आहे म्हणून सांगू? म्हटलं, "कागद दिला." ती म्हणाली, "मंग येती म्हना की सुई." आणि मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की काय सांगू तुम्हाला. म्हटलं, "मंगळवारी तिसरी आहे, जाल ना?" तर म्हणे, "न्हाय बा. दोन दिस बुडालं. आता बरं वाटतंय." तेच! गेनबाचेच शब्द!

मंगळवारी दवाखाना बंद ठेवला. तिला स्कूटरवर मागे बसवलं, पुढे पाय ठेवायच्या जागी तिची भाजीची पाटी, कारण पाटी सोडायला बाई तयार नाही. शहरात लायनीत आमचा नंबर त्रेचाळीसावा. पुण्यातल्या समस्त डॉक्टरांचा अध्यक्ष, हातात वांगी, दोन तास उभा! पुढच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला कुठे चावलं?" म्हटलं, "सर्किट हाउसला." चौथीलाही नेलं, पाचवीलाही नेलं. बाई ठणठणीत आहे, देवाची कृपा. पण यापुढे ज्याला चावेल त्याला कोण नेणार स्कूटरवर?

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी पेपरात बातमी. मंत्रिमंडळात फेरबदल! आमच्या साहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव आरोग्य खातं सोडलं, हलकं खातं मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी संघटनेला पत्र, जाड कागद, खाली सही. 'आपल्या संघटनेने केलेल्या शिफारशीची तातडीने अंमलबजावणी करण्यात आली आहे.' केली की! ताण कमी करा म्हणालो, केला! संघटनेच्या इतिहासात सरकारनं मान्य केलेली ही पहिली शिफारस! रिसबूडांनी पत्र फ्रेम करून लावलं, खास सभा बोलावली, वडे आधीच आणून ठेवले, आणि ठराव केला की मंत्र्यांना ऐकायला लावणारे पायगुडे आणखी एक वर्ष अध्यक्ष. मी उठलो, रीतीप्रमाणे म्हणालो, "मला मुक्त करावं." एकसुरात सगळे, "छे छे, सर, आपणच हवे!" रीत शिकलो तर ती अशी उलटली. म्हणून हे हार, कळलं?

आता नव्या मंत्रीबाई आल्यात. शपथविधी टीव्हीवर बघता बघता आमचे हाडांचे डॉक्टर ओरडले, "उजवा गुडघा गेलाय बाईंचा!" आणि तेव्हापासून शिष्टमंडळात नाव घाला म्हणून माझ्या मागे लागलेत. पण मी या खेपेला ठाम आहे. मी ठरवलंय, एकही डॉक्टर न्यायचा नाही. मीसुद्धा बाहेर थांबणार. आत एकटी तुळजाबाई जाणार, पोटरीवरचे चार दात दाखवणार आणि म्हणणार, सुई द्या. बस! तिला नाडी बघता येत नाही, बीपी मोजता येत नाही, यापेक्षा मोठी पात्रता कुठली हवी?

काल तिला विचारलं. लगेच तयार! म्हणाली, "येते की. कवा जायाचं?" म्हटलं, पुढच्या शनिवारी. आणि एवढं बोलून मी गप्प बसायचं ना? तर म्हणालो, "फार वेळ घेऊ नका हं, बाईंचा गुडघा दुखतो, त्यांना बसवत नाही."

हातातली जुडी खाली ठेवली तिनं. डोळे चमकले. म्हणाली, "गुडघा दुखतोय व्हय? आधी सांगायचं न्हाय का! मी निरगुडीचा पाला घिऊन जाते की… गरम करून तिथंच बांधते!"

म्हटलं, न्या. थोडा जास्तच न्या, डावाही दुखत असेल.