सत्तेचाळीस

—नाही हो काका, बसा ना, जागा आहे. पिशवी आमचीच. बायको तिकडे खिडकीपाशी कागद भरतेय, ती निळ्या स्वेटरवाली. दुर्बिणीची तपासणी आहे तिची—भूल देऊन, पोटाला छेद घेऊन. तिसरी वेळ. दोनदा काही सापडलं नाही, आता तिसऱ्यांदा बघायचं—काय बघायचं? सापडायला काही असायला तर हवं!

मी उभाच बरा. बसवत नाही मला. हा हात? मोडला होता. शिंपी आहे मी—कापडाचा तागा उचलला, फार जडही नव्हता, आणि मनगट कट्‌दिशी! हाडांचे डॉक्टर फोटो बघून म्हणाले, 'वय काय?' म्हटलं, सदतीस. म्हणाले, 'हाडं सत्तरीची दिसतात.' मग रक्त काढलं, मग पुन्हा रक्त, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पाय केवढे लांब, म्हणाले, दाढी कधी करता? म्हटलं, आठवली की! मी हसलो, ते नाही हसले. छातीचंही विचारलं. आता ते कसं सांगू तुम्हाला—शाळेत पोरं मला 'ताई' म्हणायची. स्वतःचे शर्ट मीच शिवतो, पुढून सैल, दोन्हीकडे खिसे. तुम्हाला कळलं काही? नाही ना? तेच तर.

तर माणसाच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात—माझ्यात सत्तेचाळीस. एक एक्स जास्तीचा. जन्माआधीच होतं ते, कुणाचीच चूक नाही. सहाशे पुरुषांत एखादा असतो म्हणे, आणि कित्येकांना जन्मभर पत्ताच लागत नाही. आता इंजेक्शन चालू आहे—शरीरात पुरुषाचं जे कमी पडतं ते बाहेरून द्यायचं. हाडं सावरतील, दम टिकेल, साखरेवर लक्ष ठेवायचं. बाकी ठणठणीत! फक्त मूल—ते जवळपास नाहीच.

कधी कळलं? झाले दोन महिने. नाही—खरं सांगू? पाच.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं हो, नवऱ्याची तपासणी झाली का? मीच म्हटलं, झाली, बाहेर केली, सगळं उत्तम आहे. केलीच नव्हती! का म्हणजे? भीती. आणि कळल्यावर तरी? तरी गप्प. माझी आई रोज जेवताना हिला टोचून बोलते, आणि मी ताटात मान खुपसून बसतो. परवा ही म्हणाली, 'एवढी शेवटची. नाही जमलं तर तुम्ही दुसरी करा.' हसत म्हणाली हो! आणि मी काय म्हटलं? 'बघू.' बघू म्हटलं मी, काका! जीभ कशी झडली नाही माझी?

असे बघू नका माझ्याकडे. तिच्या तोंडून 'ताई' ऐकावं लागेल, एवढंच वाटलं. तिनं कधी—छे, ती कुठली म्हणतेय!

आली ती. अगं, सही केलीस का? नाही ना? नको करूस. बस इथे. पेन ठेव, ठेव गं खाली. तुझ्यात काही दोष नाही, कधी नव्हताच—रडू नकोस, आधी ऐक, मी तुला—

काका, तुम्ही जरा पलीकडच्या बाकावर बसता का?