नसलेली बाई

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे आईला मोबाइल दिसत नव्हता, म्हणून लेक आपला कॉलेजचा प्रकल्प तिला मोठ्याने वाचून दाखवत होती. शेजारी नंबराची वाट बघत बसलेला शिंपी मासिकाचं पान उलटायचं विसरला.

"वय अठ्ठावन्न. घरी एकटीच असते. फोनवर भलतंच काही दाबलं जाईल म्हणून घाबरते."

"माझ्याच वयाची की! कोण गं ही?"

"कुणी नाही, आई. डिझाइन शिकताना आधी असं एक माणूस मनानेच रचायचं, मग त्याला जमेल असं ॲप बनवायचं."

"म्हणजे ती नाहीच?"

"नाहीच."

"आणि नसलेल्या बाईचे मार्क देतं तुमचं विद्यापीठ?"

"देतं. पुढे ऐक. टीव्ही बघत नाही, पण घरात आवाज हवा म्हणून लावून ठेवते. लेकीला फोन करावासा वाटतो, पण ती कामात असेल म्हणून करत नाही."

आईने डोळे मिटून घेतले.

"आई? झोपलीस?"

"नाही गं. डोकं चक्रावलंय. ती नाहीच, तर तुला हे सांगितलं कुणी?"

"असंच... सुचलं."

"बरं. मग ॲप काय करतं?"

"रोज संध्याकाळी तिच्या लेकीला आठवण करून देतं. आईला फोन कर म्हणून."

"छान आहे. तुझ्या फोनात आहे का गं ते?"