सेतुबालची कच्ची फाइल

—नाही, प्रिंट अजून काढलेली नाही, म्हणजे काढणारच होते, पण आधी तुम्ही बसा ना टीचर — ती खुर्ची नको, डुगडुगते, ही घ्या, पंख्याखालची. गुरुदासदादा दुकानात नाहीत, कुडाळला टोनर आणायला गेलेत, म्हणजे आपण दोघीच आहोत, ते एक बरंच आहे — पाणी देऊ? नको? मग मीच घेते. सांडलंच बघा माझ्याकडून, आणि तुम्ही तर अजून काही विचारलंही नाही. तिसरीत पण असंच व्हायचं, तुम्ही हजेरीला नुसतं ‘योगिनी’ म्हटलंत तरी माझ्या हातातली पाटी खाली, आठवतं? — अगं बाई! — काही नाही, मासेवाल्याचा भोंगा. रोज याच वेळेला वाजवतो आणि रोज मी दचकते. दादा म्हणतात, ‘गो योगिनी, तुझ्या काळजाक एक यूपीएस बसव.’

तर अंकलच्या फायली. तुमच्या मुलानं, रॉयडननी पाठवलेला पेन ड्राइव्ह हातात आला तेव्हा मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम — बोटीवर नोकरीला असताना अंकल फिरले ती अकरा बंदरं, एकेका बंदराची एकेक फाइल, उघडायची, अक्षर जरा मोठं करायचं, छापायचं, आणि मे महिन्यात तुमच्या लग्नाच्या पन्नाशीला चर्चमधल्या सगळ्यांच्या हातात अंकलचं पुस्तक. पण अंकलनी नावं दिलीत पोर्तुगीज पद्धतीनं, अगदी शुद्ध — सेतुबाल म्हणजे त्यातल्या यू-च्या डोक्यावर एक तिरकी काडी, साओ व्हिसेंतीच्या ए-वर नागमोडी, लोरेन्सो मार्किसच्या सी-ला खाली शेपूट. ते त्यांच्या लॅपटॉपवर चालायचं, पण आमचं हे मशीन जुनं, दादांनी पेपरच्या जाहिराती करण्यासाठी घेतलेलं, त्याला काड्या आणि शेपट्या काय कळणार? काडीच्या जागी चौकोन, नाहीतर प्रश्नचिन्ह. आणि उघडायला जावं तर एडिटर म्हणतो, अशी फाइल नाही. समोर दिसतेय, टीचर! बोट ठेवून दाखवता येतेय, आणि तो म्हणतो नाही. नाव बदलावं म्हटलं तर म्हणतो, ज्या फाइलचं नाव बदलायचं ती सापडत नाही. मी एमएस-सीआयटीला ब्याऐंशी मार्क मिळवलेत, ते बघा भिंतीवर सर्टिफिकेट, पण तिथं राइट क्लिक करा, रिनेम करा एवढंच होतं — फाइल असून नाही, असं झालं तर काय करायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन दिवस गेले. मी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, ओरोसला कलेक्टर ऑफिसात माझा मावसभाऊ कॉम्प्युटरवरच असतो, त्याला एक फोन केला असता तरी — पण तो आधी हसतो आणि मग सांगतो. त्यापेक्षा म्हटलं नेटवर बघू. तर एक बारकंसं सॉफ्टवेअर मिळालं, फुकट, ते सगळ्या फायलींच्या नावातल्या काड्या, नागमोड्या, शेपट्या एका झटक्यात पुसून टाकतं. नाव साधं झालं की एडिटर उघडणार, हे मला बरोबर समजलं होतं, तेवढं मात्र बरोबर होतं. आता मी काय करायला हवं होतं? पेन ड्राइव्हवरचं सगळं आधी इथं उतरवून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. दादांच्या मशीनवर जागा नव्हती, सगळे लग्नपत्रिकांचे गणपती भरलेत. मी थेट पेन ड्राइव्हवरच चालवलं.

आणि तेवढ्यात लाइट गेली, यूपीएस असा काही किंचाळला की माझं बोट पडलं ते थेट एंटरवर आणि —

नाही.

नाही, टीचर, असं बघू नका. लाइट नव्हती गेली. बुधवार होता, बुधवारी लोडशेडिंग सकाळी असतं. लाइट होती, पंखा चालू होता. बंदरं अकरा आणि फायली पंधरा, तिथंच मला कळायला हवं होतं ना? अंकलची पद्धत — तुम्हाला ठाऊकच असेल, तुमच्यासमोर बसूनच लिहायचे — पहिल्यांदा घाईघाईत लिहायचं ते बिनकाडीच्या नावानं ठेवायचं, आणि नीट तपासून, खाडाखोड करून पक्कं झालं की मग काडीबिडी देऊन, शुद्ध नावानं. म्हणजे सेतुबाल दोन. एक कच्चा, एक पक्का. लुआंडा, बैरा, त्या नावांना काड्याच नाहीत, तिथं पक्क्यानं कच्च्याची जागा घेतली, ती सात बंदरं नीट आहेत, एक अक्षर हललेलं नाही, देवाशपथ. पण चार दोनदोनदा होती. काडी पुसल्यावर दोघांचं नाव एकच, मग मशीननं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, दोघांतली एक राहील, जुनी तारीख असलेली ठेवू का? इंग्रजीत होतं, पण मला कळलं होतं. नाही कळलं असंही नाही म्हणत. पुन्हा पुन्हा तीच खिडकी, तोच प्रश्न, मी ‘नको’ केलं की परत पहिल्यापासून, चौथ्यांदा मला वाटलं, हो म्हणून टाकलं की सुटेन. खाली लिहिलं होतं, सगळ्यांना हो. मी केलं हो. मला कुणी तीनचारदा विचारलं ना टीचर, की मी हो म्हणते, घरात सगळ्यांना माहीत आहे. सावंतवाडीच्या त्या स्थळाला पण मी अशीच — जाऊ दे, ते कशाला आता.

पक्क्या गेल्या. चार. कच्च्या राहिल्या. रीसायकल बिनमध्ये नाहीत, पेन ड्राइव्हवरून गेलेलं तिथं येत नाही. रॉयडनचं पत्र आलं होतं ना, की लॅपटॉपची हार्ड डिस्क खाऱ्या हवेनं गंजून गेली, भंगारात दिला, एवढंच काढता आलं. म्हणजे दुसरीकडे कुठं नाही. आणि अंकलना विचारायचं तर — झटका आल्यापासून हात नाही, वाचा नाही, ते परत कसं सांगणार? आठ दिवस मी तुम्हाला टोनर संपलाय, टोनर संपलाय म्हणून सांगतेय. टोनर खरंच संपलाय, पण काल.

रडू नको म्हणताय, तुमचं मन मोठं. मी काय केलं माहितेय? म्हटलं कच्चं तर कच्चं, मीच नीट करीन. रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरात आहे, पण भाषा आपलीच, हळूहळू वाचलं की लागते. साओ टोमे सरळ आहे. साओ व्हिसेंतीत दोन वाक्यं अर्धी आहेत. लोरेन्सो मार्किसमध्ये त्या गोमंतकी शिंप्याची गोष्ट, ती तर अशी आहे की मी एकटीच मोठ्यानं हसले. फक्त सेतुबाल — तुम्ही त्या दिवशी इथंच उभ्या राहून म्हणालात ना, सेतुबालचं पान नीट मोठ्या अक्षरात घे, ते त्यांनी मला वाचून दाखवलंय, साठ साली आमची थोरली लेक तापानं गेली तेव्हा मी वेंगुर्ल्याच्या पोस्टातून तार केली होती, ती तिकडे बोटीच्या एजंटाच्या ड्रॉवरात तीन महिने पडून राहिली, त्यांना कळलंच नाही बिचाऱ्यांना, नाहीतर पोहत आले असते — तर ते मी शोधत होते. तीनदा वाचलं. ह्यात ड्रॉवर नाही, टीचर.

म्हणजे — म्हणजे ते राहिलं असेल लिहायचं, कच्चं आहे ना, माणूस कच्च्यात काहीही — नाही, काही वेगळं नाही. मी कुठं म्हटलं वेगळं आहे? ऐका ना, असं करू, तुम्ही मला सांगा, ड्रॉवरवालं, तुम्हाला पाठ आहे, मी टाइप करते, दहा मिनिटांत होईल, कुणाला काय कळणार आहे? पुस्तक जसं होतं तसं होईल. सगळे खूश. — टीचर, माऊस नका घेऊ. प्लीज. माका भय वाटता, टीचर. मी — ती नाही, ती खालची. हो. तीच. उघडते आता ती, नाव साधं झालंय.

…

चष्मा आणलाय ना? अक्षर मोठं करू? …

…तिसरी ओळ. ‘तार माझ्या खिशात होती.’ हो, तसंच लिहिलंय, मला पण आधी वाटलं चुकीचं वाचतेय. ‘सकाळी बोट सुटणार होती. घराकडे जावन इनासियाच्या तोंडाकडे बघूचा धीर माका नाय होतो. मी बोटीर चढलंय.’ इनासिया, तुमचंच नाव आहे, टीचर. पुढं बंदरातल्या सार्डिन मासळीच्या कारखान्यांचा वास, तेवढंच आहे.

टीचर, त्यांनी नंतर ते बदललं ना, म्हणजे त्यांना नको होतं, तुम्हाला कळू नये असंच — मी पुसलं नसतं तर तुम्हाला कधीच — माझ्यामुळे. अठ्ठेचाळीस वर्षं झाली टीचर, आणि मी एक बटण — ओरडा तरी माझ्यावर.

काय? — छापू? हे? — एकच प्रत. फक्त ह्याची. आणि बाकीचं पुस्तक, मे महिन्यात — बरं बरं, नाही विचारत. टोनर हलवून बघते, एवढं एक पान निघेल. … फिकं आलंय जरा, पण वाचता येतंय. पैसे? पैसे काय टीचर, लाजवू नका, ठेवा ते. घडी घालू नका, ओलं आहे. रॉयडनना पाठवणार आहात का? — नाही? मग कुणाला?

अंकलना? वाचून दाखवणार, आजच? — टीचर, थांबा, पायरीवरून नीट — मागून हाक मारते म्हणून रागावू नका, पण ते तर एक शब्दसुद्धा — तुम्ही वाचाल, आणि ते नुसते बघत बसतील, टीचर, ते काय उत्तर देणार तुम्हाला? — टीचर?