ओट्याशी वाचलेली अमेरिका

काशीमीऱ्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या. सुनेचा बी.ए.चा इतिहासाचा पेपर होता आणि सासूबाई सोबतीला निघाल्या होत्या.

“सुचेता, अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या वसाहती कशा होत्या?”

“आई, तिथे थंडी फार आणि जमीन खडकाळ. म्हणून छोटी शेतं, मासेमारी, जहाजबांधणी, व्यापार. आणि गावोगाव शाळा.”

“आणि दक्षिणेकडे?”

“तंबाखूचे, भाताचे मोठमोठे मळे. मूठभर मालक श्रीमंत आणि राबायला गुलाम. उत्तरेतही गुलाम होते, पण कमी.”

“त्यांच्या पोरांना शाळा?”

“कसली शाळा! काही ठिकाणी तर गुलामांना लिहायला शिकवणं हाच गुन्हा होता.”

“हे तू वाचलंस ना, तेव्हा माझी पोळी तव्यावर करपली होती.”

“तुम्ही स्वयंपाक अंगावर घेतलात म्हणून मी वाचू शकले, आई. तुमचे उपकार...”

“माझे कसले गं? मला चौथीनंतर शाळेतून काढलं. तू ओट्याशी बसून मोठ्याने वाचायचीस, म्हणून मीही चार गोष्टी शिकले. उपकार तुझेच.”

“आई, रडू नका ना. बस आली.”

“रडत नाहीये. पुढचा पेपर कशाचा?”

“अर्थशास्त्राचा.”

“मग संध्याकाळी तेच घे. फक्त जरा सावकाश वाच.”